अंतराळातला बर्फ खोलीत कसा बनवतात?

आपल्या सोनपेठला बर्फ कुठे पाहायला मिळतो? गारीगारवाल्याच्या पेटीत, कुणाच्या घरच्या फ्रीजमध्ये, नाही तर आभाळातून गारा पडतात तेव्हा. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली, ती मोठ्या माणसांच्या चांगली ध्यानात असेल. उभी पिके आडवी झाली. पण तो बर्फही थोड्या वेळात वितळून गेला. थंडीच्या दिवसांत परभणीचा पारा कधी कधी ५ अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा आपण शेकोटीजवळून हलत नाही. पाणी गोठायला त्याहून खाली, शून्य अंशावर जावे लागते.

आता ज्या बर्फाची ही माहिती आहे, तो आहे उणे २६३ अंशांचा! शून्याच्या खाली दोनशे त्रेसष्ट अंश. जगात कुठलीही वस्तू उणे २७३ अंशांहून जास्त गार होऊच शकत नाही, म्हणजे हा बर्फ थंडीच्या अगदी तळाजवळ बसलेला. तो पृथ्वीवर नाही. ताऱ्यांच्या मधल्या जागेत जे काळे ढग आहेत, त्यांच्यात तो असतो.

हे ढग आपल्या पावसाच्या ढगांसारखे नव्हेत. त्यांत वायू असतो आणि धूळ असते. धूळही कशी, तर काही कण वाळूच्या जातीचे, काही चुलीच्या काजळीच्या जातीचे. एकेक कण इतका बारीक, की आपल्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीवर सातशे ते हजार कण ओळीने बसतील. अशा कणावर बर्फाचा पातळ थर चढलेला असतो. आपल्याला वाटेल की वाफ येऊन कणावर गोठली असेल. पण बहुतेक पाणी तसे आलेले नाही. प्राणवायूचा अणू येऊन कणावर चिकटतो, मग हायड्रोजनचे अणू येतात, त्यांची तिथेच गाठ पडते आणि पाणी त्या कणावरच तयार होते. २००८ च्या सुमारास जपान आणि नेदरलँड्समधल्या प्रयोगशाळांनी अतिशय थंड पृष्ठभागावर असे पाणी बनवून दाखवले.

हे सगळे मी घरी सांगत होतो, तर आजी म्हणाली, "तिथं जाऊन कोण बघून आलंय रं?" प्रश्न अगदी बरोबर आहे. कोणीही गेलेले नाही. सर्वांत वेगाने जाणारा प्रकाश, पण त्यालाही मृग नक्षत्रातल्या तेजोमेघापासून आपल्यापर्यंत यायला सुमारे १३०० वर्षे लागतात. मग बर्फ आहे हे कळले कसे? कळले ते प्रकाशावरूनच. आणि गंमत अशी, की आलेल्या प्रकाशावरून नव्हे, न आलेल्या प्रकाशावरून!

पाऊस थांबून ऊन पडले की इंद्रधनुष्य दिसते. पांढऱ्या प्रकाशात तांबडा ते जांभळा असे सगळे रंग असतात, ते वेगळे होतात. रंगांच्या या पट्ट्याला वर्णपट म्हणतात. तांबड्याच्या पलीकडेही किरण असतात, फक्त ते डोळ्यांना दिसत नाहीत. चुलीवरून उतरवलेला तवा काळाच दिसतो, पण हात जवळ नेला की धग लागते, ती याच किरणांची. यांना अवरक्त किरण म्हणतात. यांची लांबी मायक्रॉनमध्ये मोजतात. मिलिमीटरचे हजार भाग केले की एक भाग म्हणजे एक मायक्रॉन.

आता पंचमीचा झोका आठवा. लिंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्याला आपला एक ताल असतो. त्या तालावर धक्का दिला तर तो उंच जातो. भलत्या वेळी धक्का दिला तर काही उपयोग नाही. पाण्याच्या रेणूचेही तसेच. त्यात एक प्राणवायू अन् दोन हायड्रोजन, आणि त्यांना जोडणारा बंध स्प्रिंगसारखा हलत असतो. त्या हलण्याचा ताल किती जलद? सेकंदाला सुमारे एक कोटी गुणिले एक कोटी वेळा! ३ मायक्रॉनच्या अवरक्त किरणाचा तालही तेवढाच आहे. म्हणून तो किरण बर्फावर पडला की बर्फ त्याला गिळून टाकतो आणि बाकीचे किरण पुढे जातात. काळ्या ढगाच्या मागे किंवा आत एखादा तारा असेल, तर त्याचा प्रकाश ढगातून गाळून आपल्याकडे येतो. त्याचा आलेख काढला की ३ मायक्रॉनजवळ रेघ खाली जाते, खड्डा पडतो. तो खड्डा म्हणजे बर्फाची खूण.

१९७३ साली अमेरिकेतल्या गिलेट आणि फॉरेस्ट या दोन शास्त्रज्ञांना असा खड्डा ३.१ मायक्रॉनला सापडला. कुठे, तर मृग नक्षत्राच्या तेजोमेघामागे दडलेल्या एका कोवळ्या ताऱ्याच्या प्रकाशात. शेतकऱ्याला मृग म्हटले की ७ जूनचा पाऊस आठवतो. ताऱ्यांच्या मधल्या जागेतल्या पाण्याच्या बर्फाची ही पहिली पक्की खूण मृगातच सापडावी, हा योगायोगच. पण मला तो फार आवडला.

मात्र खड्डा सापडला म्हणजे काम संपले असे नाही. रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा ठेवतात, ते पाहिले आहे ना? यंत्र तो अंगठा आधीच्या नोंदीशी ताडून पाहते, मग नाव सांगते. नोंदच नसेल तर अंगठा कितीही स्वच्छ उमटू द्या, नाव निघणार नाही. तशीच प्रत्येक बर्फाची खड्ड्यांची ठेवण वेगळी असते. पाण्याचा बर्फ ३ मायक्रॉनला, सोडावॉटरमधल्या कार्बन डायऑक्साइडचा ४.२७ ला, बंद खोलीत शेगडी पेटवल्यावर जो विषारी वायू होतो त्या कार्बन मोनॉक्साइडचा ४.६७ ला. पण हे आकडे आधी कुणी तरी पृथ्वीवर मोजून लिहून ठेवावे लागतात. म्हणजे अंतराळासारखाच बर्फ प्रयोगशाळेत बनवायचा, त्यातून अवरक्त किरण सोडायचे, अन् खड्डे नोंदवायचे. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात १९७५ सालापासून हेच काम चालणारी प्रयोगशाळा आहे. त्यांच्या नोंदवहीत आता अकराशेहून अधिक वर्णपट आहेत.

आपल्या देशातही हे काम चालते. अहमदाबादला विक्रम साराभाई यांनी १९४७ साली स्थापन केलेली फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी आहे. तिथे भालमुरुगन शिवरामन आणि त्यांचे सहकारी असा बर्फ बनवून त्याचा अभ्यास करतात.

असे यंत्र कसे असते ते सांगतो. पोलादाचे एक जाड भांडे असते. पंप लावून त्यातली हवा काढून टाकतात. थोडीथोडकी नव्हे, चांगल्या यंत्रात हवा बाहेरच्यापेक्षा दहा लाख कोटी पट विरळ होते. त्यासाठी रिकामे भांडे आधी बाहेरून तापवत ठेवतात, म्हणजे पोलादाला चिकटलेली ओल सुटून जाते. एवढा खटाटोप का? कारण आत जराशी जरी वाफ राहिली, तर तीच सगळ्यात आधी गोठून बसेल आणि आपण भलत्याच बर्फाचा अंगठा घेऊ. बाहेरच्या हवेतली वाफही खोडी करते. तीसुद्धा अवरक्त किरण गिळते, म्हणून किरणांच्या वाटेवरही कोरडा नायट्रोजन सोडून ठेवतात.

भांड्याच्या मधोमध तांब्याचा एक दांडा येतो. त्याला 'थंड बोट' म्हणतात. त्याच्या टोकाला साधारण रुपयाच्या नाण्याएवढी एक खिडकी बसवलेली असते. ही खिडकी काचेची चालत नाही. काच आपल्या डोळ्यांना आरपार दिसते, पण लांब अवरक्त किरणांना ती भिंतच आहे. म्हणून खिडकी मिठाची करतात! खायचे मीठ नव्हे, त्याच्या भावकीतले पोटॅशियम ब्रोमाइड. पावसाळ्यात खड्यामिठाला पाणी सुटते ना, तसे यालाही ओल सोसत नाही. म्हणून काही ठिकाणी झिंक सेलेनाइडची पिवळसर खिडकी वापरतात.

बोट थंड करायला हेलियम वायू लागतो. सायकलच्या पंपाने हवा दाबली की पंप गरम होतो. उलट दाबलेला वायू पसरू दिला की तो गार होतो. हेलियम असा पुन्हा पुन्हा दाबून अन् पसरवून बोट उणे २६० अंशांच्याही खाली नेता येते. बाकीचे वायू तिथपर्यंत जायच्या आधीच गोठतात, हेलियम मात्र वायूच राहतो.

या हेलियमची एक गोष्ट आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. त्याची सावली कोकणातून आंध्रच्या किनाऱ्याकडे गेली. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' म्हणून जागा दाखवतात आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. त्या ग्रहणात सूर्याच्या वर्णपटात एक पिवळी रेघ दिसली. हे कोणते नवे मूलद्रव्य आहे, असे इंग्लंडचे लॉकियर यांनी पुढे सांगितले. लॉकियरसाहेब स्वतः विजयदुर्गला आले होते असे काही ठिकाणी छापलेले आढळते, पण ते खरे नाही. ते इंग्लंडमध्ये होते आणि ती रेघ त्यांनी ऑक्टोबरमध्ये तिथूनच, ग्रहण नसताना पाहिली. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ साली. म्हणजे वर्णपटावरून आधी सूर्यात सापडलेला वायू आज बर्फाचा वर्णपट घ्यायला मदत करतो आहे.

आता पुढे बघा. थंड खिडकीवर एका बारीक नळीतून हवा तो वायू अगदी जरा जरा सोडतात. तो खिडकीला लागताच गोठतो. थर पुष्कळदा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. मग एका बाजूने अवरक्त किरण सोडतात, दुसऱ्या बाजूला यंत्र मोजते. झाला अंगठा! नंतर बोट हळूहळू कोमट करत नेतात, आणि प्रत्येक टप्प्याला पुन्हा वर्णपट घेतात. या निर्वातात बर्फाचे पाणी होत नाही, बरं का. देव्हाऱ्यातला कापूर जसा उघडा ठेवला की न वितळताच उडून जातो, तसा हा बर्फ थेट उडून जातो. कार्बन मोनॉक्साइड लवकर उडतो, पाण्याचा बर्फ सर्वांत चिवट.

पण कोमट करताना उडायच्या आधी एक बदल होतो, आणि मला वाटते या सगळ्या विषयातली खरी मौज इथेच आहे. अतिशय थंड खिडकीवर पाण्याचा रेणू पडला की जिथे पडला तिथेच थिजतो. त्याला नीट ओळीत उभे राहायलाही सवड मिळत नाही. घंटा झाल्यावर मैदानात जशी पोरे वाटेल तशी उभी असतात, तसे रेणू अस्ताव्यस्त. बर्फ साधारण उणे १३० अंशांच्या आसपास आणला की रेणू हलतात अन् प्रार्थनेसारख्या सरळ रांगा लावतात. त्याला स्फटिक बर्फ म्हणतात. आपला फ्रीजमधला बर्फ स्फटिक असतो. अस्ताव्यस्त बर्फाचा खड्डा रुंद अन् गुळगुळीत. स्फटिकाचा खड्डा टोकदार आणि जरा सरकलेला. एकदा रांगा लागल्या की बोट पुन्हा कितीही गार करा, बर्फ परत अस्ताव्यस्त होत नाही. म्हणून खड्ड्याचा आकार पाहून सांगता येते की हा बर्फ जन्मापासून थंडच राहिला आहे, की मध्ये कधी तरी त्याला ऊब लागली होती.

मृगातल्या त्या खड्ड्याचेही असेच झाले. खड्डा पाण्याच्या बर्फाचा होता, पण आकार नेहमीच्या स्फटिक बर्फाशी नीट जुळेना. १९७९ साली फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतल्या अस्ताव्यस्त बर्फाशी तो ताडून पाहिला आणि तो पुष्कळ जवळचा निघाला.

अहमदाबादच्या मंडळींनी २०१५ साली छापलेला एक प्रयोग आता सांगतो. त्यांनी प्रोपार्जिल अल्कोहोल नावाच्या पदार्थाचा बर्फ उणे १८८ अंशांना बनवला. अंतराळासारख्या थंडीत या पदार्थाचा वर्णपट त्याआधी कोणी घेतलेलाच नव्हता. थंड असताना तो अस्ताव्यस्त होता. उणे ९३ अंशांना आणल्यावर स्फटिक झाला. दोन्ही अंगठे नोंदवहीत गेले. मग त्यांनी त्या बर्फावर वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा केला. अंतराळात ताऱ्यांकडून आणि दुरून येणारे कण असाच मारा करत असतात. मारा झाल्यावर वर्णपटात नवे खड्डे उमटले, आणि ते बेन्झीनचे निघाले! या अल्कोहोलात कार्बनचे तीन अणू असतात, बेन्झीनमध्ये सहा अणूंचे रिंगण असते. माऱ्याने रेणू तुटतात, तीन-तीन कार्बनच्या साखळ्या मोकळ्या होतात आणि दोन साखळ्या हात धरून रिंगण करतात. असे होत असावे हे गणिताने आधी सांगितले होते, प्रत्यक्ष बर्फात ते इथे दिसले. बेन्झीनसारखी रिंगणे ही पुढच्या मोठ्या मोठ्या कार्बनी रेणूंची पहिली वीट आहे.

त्याआधी २००२ साली अमेरिकेत आणि लायडनला साध्या पदार्थांच्या बर्फावर जंबुपार किरण सोडले, तेव्हा अमिनो आम्ले तयार झाली होती. आपल्या डाळीत, दुधात जी प्रथिने असतात ती अमिनो आम्लांचीच बनलेली. म्हणून लगेच अंतराळात जीव आहेत असे मात्र समजू नये. विटांचा ढीग म्हणजे घर नव्हे. शिवाय ढगात जे व्हायला लाखो वर्षे लागतात ते प्रयोगशाळेत काही तासांत उरकावे लागते, त्यामुळे मारा जोराचा करतात. तेवढा फरक ध्यानात ठेवूनच निकाल वाचायचा असतो.

नोंदवही जाड झाली की मोठ्या दुर्बिणीचा उपयोग होतो. २५ डिसेंबर २०२१ ला सोडलेली जेम्स वेब दुर्बीण खास अवरक्त किरण पाहते. जमिनीवरून हे काम नीट होत नाही, कारण आपल्याच हवेतली वाफ मध्ये येते. जानेवारी २०२३ मध्ये या दुर्बिणीने दक्षिण आकाशातल्या एका काळ्या ढगातला बर्फ वाचला. तो ढग इतका दक्षिणेला आहे की सोनपेठहून तो कधी उगवतच नाही. त्यात काय काय निघाले? पाणी, कार्बन डायऑक्साइड, गोबरगॅसमधला मिथेन, गोठ्यात नाकाला झोंबणारा अमोनिया, आणखी मिथेनॉल वगैरे. प्रत्येक नाव प्रयोगशाळेतल्या अंगठ्याशी ताडूनच लावलेले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञही या दुर्बिणीतून कोवळ्या ताऱ्यांचा अभ्यास करण्यात सहभागी आहेत. अजून काही खड्ड्यांना पक्के नाव लागलेले नाही.

आपले चांद्रयान-१ हे २२ ऑक्टोबर २००८ ला निघाले. त्यावरच्या अमेरिकन यंत्राने चंद्रावरून परतणाऱ्या उन्हात ३ मायक्रॉनजवळच कमतरता पाहिली आणि सप्टेंबर २००९ मध्ये चंद्रावर पाण्याच्या खुणा असल्याचे जाहीर झाले. त्याच यंत्राच्या नोंदी पुन्हा तपासून २०१८ साली ध्रुवांजवळच्या कायम सावलीतल्या खड्ड्यांत उघडा बर्फ असल्याचे सांगितले गेले.

आता पालकांपैकी कुणी विचारील, एवढ्या दूरच्या बर्फाशी आपल्याला काय करायचे? इथे उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्यांचे खरे आहे. वर्णपटाने विहिरीला पाणी लागणार नाही. पण हंड्यातले पाणी आले कुठून, या प्रश्नाचा धागा याच बर्फाला जाऊन मिळतो. पाण्यात थोडे जड पाणी मिसळलेले असते, त्यातला हायड्रोजन नेहमीपेक्षा दुप्पट जड. अतिशय थंड जागी बनलेल्या बर्फात याचे प्रमाण वाढते. समुद्राच्या पाण्यातही ते अपेक्षेपेक्षा जास्त आहे. यावरून २०१४ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी गणित मांडले, की पृथ्वीवरच्या पाण्याचा बराच भाग, कदाचित निम्म्यापर्यंत, सूर्य जन्मायच्या आधीच धुळीच्या कणांवर बर्फ होऊन बसलेला असावा. सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे. म्हणजे गोदावरीतले, हापशाचे, माठातले पाणी, यातले काही सूर्याहूनही म्हातारे!

हे ढग आपल्याला नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. मे-जूनमध्ये अंधाऱ्या पक्षात, आभाळ मोकळे असेल त्या रात्री, गावच्या दिव्यांपासून दूर शेतात जा. दक्षिणेला वृश्चिक रास असते, तिच्यातला तांबूस तारा म्हणजे ज्येष्ठा. तिच्या डाव्या-वरच्या बाजूला आकाशगंगेचा पांढुरका पट्टा जातो आणि त्यात काळे डाग दिसतात. तिथे तारे नाहीत असे वाटते, पण तारे आहेत, धुळीने झाकलेले. ज्येष्ठेच्या अगदी जवळही असाच एक धुळीचा ढग आहे, सुमारे ४५० प्रकाशवर्षे दूर. त्याच्या आत तारे जन्मत आहेत, आणि त्या धुळीवर बर्फ आहे.